समोरच्याने सोडायची गाठ

युवा क्लबच्या वक्तृत्व स्पर्धेत टाचणी पहिली आली, दुसरी आली आणि उत्तेजनार्थ बक्षीसही तिलाच मिळालं. वादविवाद स्पर्धेत ती आधी विषयाच्या बाजूने बोलली, मग टेबलाला वळसा घालून विरुद्ध बाजूने बोलली. दुसऱ्या बाजूला पहिलीचे मुद्दे इतके झोंबले की परीक्षकांना मध्ये पडून दोघींना शांत करावं लागलं. गटचर्चा जरा रेंगाळली. सांघिक खेळ पुढे ढकलण्यात आले.

क्लबला सभासद एकच उरला होता, ती टाचणी. परीक्षक, प्रशिक्षक, चिटणीस आणि झाडू मारणारा असे पदाधिकारी मात्र भरपूर होते, आणि ते सगळे कॅप्टन होते.

कॅप्टन म्हणजे जहाजावरचे नव्हेत. ते आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत होते आणि आता निवृत्त झाले होते. तरुणपणी क्लबच्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते. पुढे संघातली मुलं नोकऱ्यांना लागली, लग्नं करून पांगली, संघ गेला आणि नाव तेवढं राहिलं. लग्नाचं त्यांनी मनावर घेतलं नाही. म्हणजे आधी शिबिर होऊन जाऊ दे म्हणाले, मग वार्षिक स्पर्धा होऊन जाऊ देत म्हणाले, आणि शिबिरं व स्पर्धा दरवर्षी येतच राहिल्या.

क्लबची खोली शिवणकामाच्या दुकानावर होती. एक टेबल टेनिसचं टेबल, ज्याच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवला होता. एक फळा. भिंतीभर दोरांच्या खुंट्या आणि छताच्या तुळईला एक लोखंडी आकडा. खालच्या दुकानातलं मशीन चाललं की वरची जमीन बारीक थरथरायची आणि फळ्यावरचा खडू आपोआप कडेला यायचा. मशीन बंद पडलं की कॅप्टनना चुकल्यासारखं व्हायचं.

ते दुकान टाचणीच्या मावशीचं. टाचणीचे आईवडील कामासाठी लांब होते आणि पोरगी मावशीकडे राहत होती. शाळा सुटली की दुकानात बसून मावशीला एकेक टाचणी काढून द्यायची, शिवाय अंगाने तशीच आणि बोलायलाही तशीच, म्हणून टाचणी. शाळेत नवी होती. सगळ्यांची मैत्री पहिलीपासूनची, त्यात हिला कोण विचारतो. एकदा वरून पाणी गळतंय हे सांगायला ती जिना चढून आली. कॅप्टन बादली धूत होते. त्यांनी तिला आत बोलावून क्लबची उद्दिष्टं समजावून सांगितली, आणि ती निमूटपणे ऐकते आहे असं पाहून सभासद करून घेतली.

"बाकीचे कधी येतात?" तिने विचारलं होतं.

"येतील," कॅप्टन म्हणाले होते.

त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्या वर्षी मध्यवर्ती कार्यालयाने कळवलं की सगळ्या क्लबांचं मिळून डोंगरावर मोठं शिबिर आहे. तंबू, दिशा ओळखणं, प्रथमोपचार, नदीकाठचे खेळ. प्रत्येक क्लबातून एकच जाणार. जो गाठींच्या स्पर्धेत जिंकेल तो.

"तंबूत किती जणी असतात?" टाचणी म्हणाली.

"सहा."

"सहाही खऱ्या?"

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं. ती विनोद करत नव्हती.

"खऱ्या. घोरतातसुद्धा."

"मला जायचंय," टाचणी म्हणाली, आणि त्यानंतर ती दुसरं काही बोलेनाशी झाली. खाली मावशीला म्हणाली, दुकानात आलेल्या बायकांना म्हणाली. मावशी जिन्याखालून ओरडली, "अहो कॅप्टन, हिला ते सहा जणींचं काय सांगून ठेवलंयत? पोरगी उशांना नावं देऊन सहा मोजतेय."

अडचण एकच होती. एकट्याची स्पर्धा ग्राह्य धरली जाणार नाही, असा नियम होता. आणि गाठींच्या स्पर्धेला नियम नसता तरी दोघं लागलेच असते.

कारण या स्पर्धेची रीतच तशी होती. गाठ ज्याने बांधली त्याने ती सोडायची नाही, समोरच्याने सोडायची. दोराला बादली बांधायची, बादलीत काठोकाठ पाणी भरायचं, आकड्यावरून ती वर ओढून अधांतरी टांगायची. गाठीने तो भार पेलला पाहिजे. मग बादली खाली घ्यायची, आणि प्रतिस्पर्ध्याने ती गाठ नुसत्या बोटांनी सोडायची. सुटली तर बांधणाऱ्याला गुण. नाही सुटली तर बांधणाऱ्याला शून्य, कारण जी पेलते पण सुटत नाही ती गाठ नव्हे, तो गुंता, असं संस्थापकांचं मत होतं. म्हणजे तुमचे गुण तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात. त्याने नुसतं "नाही बुवा सुटत" म्हटलं की तुमचा निकाल लागला. संस्थापकांना हे सुचलं नाही की सुचूनही त्यांनी तसंच ठेवलं, कोण जाणे. पण मुलं बाकी सगळीकडे लबाडी करत, सामान्यज्ञानात तर एकमेकांच्या तोंडात उत्तरं घालत, तरी गाठ सोडताना कोणी लबाडी केल्याचं ऐकिवात नव्हतं.

तर दुसरा हवा होता. कॅप्टननी शेजारपाजारची पोरं विचारून पाहिली. एकाला क्लास होता, एकाला दुसरा क्लास होता, आणि एकाने दोर कशाला लागतो असं विचारलं.

मग कॅप्टनना आठवलं की आपण सभासदत्वाचा राजीनामा कधी दिलेलाच नाही. नियमांत खालची वयोमर्यादा होती; वरची घालायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. माणूस इतका काळ युवक राहील असं कोणाला वाटणार?

"म्हणजे माझ्याविरुद्ध तुम्ही?" टाचणी म्हणाली.

"मीच."

"मुद्दाम हरणार असाल तर मला नकोय."

"कोण म्हणतं हरणार?"

"तुमचं तोंड म्हणतंय. ठरवा. मुद्दाम हरायचं नाही."

"बरं बाई, नाही हरणार."

"मीपण नाही," टाचणी म्हणाली, जणू तोही मुद्दा चर्चेला होता.

रविवारी कॅप्टनच्या ताईचा फोन यायचा. ती दुसऱ्या गावी मुलाकडे राहायची आणि भावाला तिथे बोलवायची. गच्चीवरची खोली रिकामी आहे, हे ती प्रत्येक वेळी नव्याने सांगायची.

"स्पर्धेत उतरलोय," कॅप्टन म्हणाले.

"कसल्या?"

"युवकांच्या."

ताई म्हणाली, "दाढी करून जा. आणि हातांचं काय? डॉक्टरला दाखवलेस?"

"बरे आहेत."

"फोन कानाला खांद्याने धरलायस. मला ऐकू येतंय."

हात बरे नव्हते. बोटांचे सांधे सुजत होते, सकाळी तर शर्टाचं बटण म्हणजे एक उपक्रम होऊन बसायचा. कॅप्टननी हे ताईशिवाय कोणाला कळू दिलं नव्हतं. शिबिराला जाणाऱ्याचे तसेच प्रशिक्षकाचे हातपाय धडधाकट हवेत अशी अट होती, आणि दुसरा प्रशिक्षक नव्हता. अट पाळायची तर क्लब बंद. म्हणून ते खिशात हात घालून शिकवत. "दोराचं शेपूट कडीवरून ने. आता खालून. आता स्वतःच्याच पोटातून काढ." टाचणी ऐकून ऐकून करायची. आपले गुरुजी फार ऐटबाज आहेत असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं.

सरावात मात्र तिच्या गाठी त्यांनाच सोडाव्या लागत. त्या वेळी ते तिला पाणी आणायला खाली पाठवत आणि चमच्याचा दांडा गाठीत खुपसत. पोरगी पाणी घेऊन येईपर्यंत गाठ सुटलेली असायची आणि चमचा खिशात गेलेला असायचा.

एके दिवशी ती जिन्यातूनच परत फिरली, कारण तांब्या विसरला होता. दारात थांबली. कॅप्टन पाठमोरे होते, पण कोपराशी चमच्याचा दांडा दिसत होता. ती तांब्याशिवायच पुन्हा खाली गेली आणि मावशीच्या भांड्यातून पाणी घेऊन आली.

त्या दिवशी निघताना ती म्हणाली, "कॅप्टन, शिबिर संपलं की मी परत येणारच आहे."

"येशील की."

"मग तोंड असं का?"

"हे जन्मतःच असं आहे."

पण ती गेल्यावर ते टेबलाच्या कडेला बसून राहिले. शिबिराहून पोरं परत येत, हे खरं. अंगाला धुराचा वास घेऊन येत, नवी गाणी घेऊन येत, आणि मग हळूहळू येईनाशी होत. भरल्या तंबूत राहून आलेल्याला ही खोली केवढी मोठी वाटते, हे कॅप्टनना ठाऊक होतं. आपण नुसतं "नाही सुटत" म्हटलं तर, असं त्यांच्या मनात आलं. कोणाला कळणारसुद्धा नाही. बोटंही साक्ष देतील. ते उठले, खाली पडलेला खडू उचलून फळ्यावर ठेवला, आणि घरी जाऊन गरम पाण्यात हात बुडवून बसले. तिची गाठ नुसत्या बोटांनी सोडायची होती. चमचा चालणार नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी मध्यवर्ती कार्यालयाचे निरीक्षक आले. तरुण माणूस, गळ्यात शिट्टी, पायांत चांगले बूट. त्यांनी खोलीभर पाहिलं.

"स्पर्धक?"

"ही एक," कॅप्टन म्हणाले.

"दुसरा?"

कॅप्टन टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. निरीक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली, कोणीतरी हसेल म्हणून. कोणी हसलं नाही. त्यांनी नियम चाळले, पुन्हा चाळले, आणि शेवटी म्हणाले, "वयाची अट तेरा वर्षं पूर्ण. झालीयत ना?"

"झालीयत."

"प्रेक्षक?"

"मी," मावशी दारातून म्हणाली. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती. "दहा मिनिटंच आहे. खाली गिऱ्हाईक ब्लाउजच्या बाहीत अडकून बसलंय."

पहिली पाळी कॅप्टनची. त्यांनी खिशातून हात काढले. गरम पाण्याने बोटं जरा हलत होती आणि बांधणं हे सवयीचं काम होतं. ते त्यांच्याकडून होऊन गेलं. बादली वर गेली, लोंबकळली, थेंबही सांडला नाही. खाली आल्यावर टाचणीने गाठीत नखं घातली आणि चटकन सोडवली. कॅप्टनना पूर्ण गुण. बांधली होती खरीखुरी, ठरल्याप्रमाणे.

मग टाचणी. तिची बोटं दोरावरून शिवणीवरून फिरावीत तशी फिरली. शेवटचा ओढा द्यायची वेळ आली तेव्हा ती थांबली. समोर टेबलावर कॅप्टनचे दोन्ही हात ठेवलेले होते, आपली पाळी येणार म्हणून तयार. नीट ठेवलेले, सांध्यांशी सुजलेले. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग ओढा दिला, पण पुरता नाही. गाठीत करंगळी जाईल एवढी फट ठेवली.

"झालं?" निरीक्षक म्हणाले.

"झालं."

बादली वर गेली. क्षणभर राहिली. मग दोराचं शेपूट बादलीच्या कडीतून सरसर निघालं, अगदी आरामात, आणि बादली जमिनीवर येऊन आडवी झाली.

पाणी फळ्याखाली गेलं, टेबलाखाली गेलं आणि मग फटींतून खाली गेलं. खालून त्या अडकलेल्या बाईंचा आवाज आला, "अहो, इथे पाऊस पडतोय."

मावशी धावत खाली गेली. वर तिघंच उरले. निरीक्षकांनी बूट कोरड्या जागी घेतले.

"विजेते," ते म्हणाले, आणि मग त्यांना कॅप्टनचं नाव घ्यावं लागलं.

टाचणी पुसणं आणायला गेली. कॅप्टन तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले.

"मुद्दाम हरायचं नाही असं ठरलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"हरायला नाही बांधली." तिचं तोंड पुसण्याकडे होतं. "सोडायला बांधली. तुमची बोटं दुखली असती."

"बादली पडली ना."

"मला वाटलं राहील."

"मी शिकवलं होतं, शेवटचा ओढा पुरता द्यायचा."

"तुम्ही खिशात हात घालून शिकवलं होतं," टाचणी म्हणाली. मग पुसणं पिळलं आणि बराच वेळ पिळतच राहिली.

कॅप्टन टेबलापाशी आले. निरीक्षक शिबिराची माहिती काढून बसले होते आणि कपाळाला आठ्या घालून, या माणसाला सहा मुलांच्या तंबूत कुठे घालावं, याचा विचार करत होते.

"साहेब, मी शिबिराला येत नाही."

"मग जागा रद्द होईल. विजेत्याने नकार दिला तर रद्द. नियम आहे."

"आणि विजेता अपात्र ठरला तर?"

"तर उपविजेता जातो. पण तुम्हाला अपात्र कशाने ठरवू? वयाने? ती अट तुमच्याच बाजूने आहे."

कॅप्टननी हात टेबलावर ठेवले, तळवे खाली. निरीक्षकांनी ते सुजलेले सांधे पाहिले. तरुण होते, पण बघायला शिकलेले होते. त्यांच्या आजोबांचे तसे असावेत.

"मूठ करा," ते म्हणाले.

कॅप्टननी केली. ती अर्ध्यावर थांबली.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"थोडे दिवस," निरीक्षक म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कॅप्टन, हे मी पाहिलं तर मला प्रशिक्षकाचंही लिहावं लागेल. मग इथे कोणी नाही. मग खोली परत द्यावी लागेल. तुम्ही हात खिशात घाला. मी काही पाहिलं नाही."

"पाहिलं नाही तर ती जाणार कशी?"

कोपऱ्यात पुसणं थांबलं होतं.

"सहा जणी असतात ना तंबूत?" कॅप्टन म्हणाले.

"सहा."

"मग लिहा."

निरीक्षकांनी लिहिलं. लिहिताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. जाताना बुटांचा आवाज होऊ न देता जिना उतरले.

टाचणी भांडली. अगदी दोन्ही बाजूंनी भांडली. मी जाणार नाही म्हणाली, तुम्ही मला विचारलं का म्हणाली, मग तुम्ही हरलातच ना शेवटी म्हणाली. कॅप्टन "सभा बरखास्त" एवढंच म्हणाले. जायच्या दिवशी मावशीने तिच्या पिशवीला नवा बंद शिवून दिला. बस आली तेव्हा टाचणी आत चढली, आणि खिडकीतून तोंड काढायच्या आधीच तिच्या शेजारी बसलेल्या मुलीने तिला काहीतरी विचारलं. ती उत्तर द्यायला वळली. बस वळली तेव्हाही ती बोलतच होती.

खोली रिकामी करायला कॅप्टनना आठवडाभर मिळाला. टेबल शाळेने नेलं, पायाखालच्या तुकड्यासकट. फळा नेला. दोर मध्यवर्ती कार्यालयाला परत जायचे होते. ताईचा फोन आला.

"आता तरी ये. गच्चीवरची खोली रिकामी आहे."

"शिबिर संपू दे," कॅप्टन म्हणाले, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की हे आपण पूर्वीही म्हटलेलं आहे. पलीकडे ताईच्याही आलं असावं.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला.

"कॅप्टन, मी बोलतेय." मागे इतका गोंगाट होता की पहिल्यांदा कोण ते कळलंच नाही. "लवकर सांगा. तंबूचा दोर खुंटीला कुठल्या गाठीने बांधायचा? इथल्या शिकवणाऱ्या ताई वेगळीच सांगतायत. मी म्हटलं, आमच्या कॅप्टनना विचारते."

कॅप्टननी सांगितलं. शेपूट कुठून न्यायचं, कुठून काढायचं, सगळं. बोलता बोलता फोन खांद्याने धरला गेला आणि हात खिशात गेले.

"आणि शेवटचा ओढा?"

"पुरता द्यायचा," टाचणी म्हणाली. मग म्हणाली, "इथे सगळ्या मला टाचणीच म्हणतात."

"त्यांना कसं कळलं?"

"मीच सांगितलं. बरं ऐका ना, हात कसे..." मागून कोणीतरी "टाचणी, चल ना गं" अशी हाक मारली. "आले, आले. कॅप्टन, ठेवते हं. मी उद्या करते."

फोन बंद झाला. उद्या ती फोन करणार नाही हे कॅप्टनना माहीत होतं, आणि ते बरोबरच होतं.

खालचं मशीन चाललं होतं. जमीन थरथरत होती, पण कडेला यायला खडू नव्हता. सगळे दोर गुंडाळून झाले होते, एक सोडून. तो आकड्यावरून लोंबत होता आणि त्याच्या टोकाला बादली होती. दुपारी आवरताना त्यांनी ती सहज बांधून पाहिली होती, नीट, शेवटचा ओढा पुरता देऊन. पाणी भरून टांगली होती. पेलत होती. आता ती सोडायला हवी होती.

त्यांनी बादली खाली घेतली. गाठीवर बोट ठेवलं. मग काढून घेतलं. गाठ आपलीच होती, आणि आपली आपण सोडायची नाही.

ते जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे राहिले. खालचं मशीन थांबायची वाट पाहिली. ते थांबलं.

"मावशी," कॅप्टन म्हणाले, "गिऱ्हाईक नसेल तर जरा वर येता का?"

"पाणी सांडलं का पुन्हा?"

"नाही. पाणी भरलेलंच आहे."

खाली कात्री ठेवल्याचा आवाज झाला. मग कोणीतरी जिना चढायला लागलं, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवत.